कोरडवाहू फुलबाग



संयोजकांचा फोन आला तेव्हा आम्ही विषय सांगितला, ‘शिरूर-दौंडकडच्या फुलझाडांचा इतिहास’. पलीकडं जरा वेळ शांतता. मग ते अदबीनं म्हणाले, ‘सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान ना? आणि आपल्याकडं फुलं आहेतच कुठं? एक तर ऊस, नाहीतर कुसळं.’ वाक्य चांगलं होतं, आम्ही ते डायरीत टिपून ठेवलं. आज जे बोलणार आहोत ते त्याच वाक्याचं उत्तर आहे. शिरूरची काही मंडळी न्हावरा-चौफुला रस्त्यानं आत्ताच पोचली आहेत, त्यांना पुढं जागा करून द्यावी, म्हणजे सुरुवात करू.

शब्दापासून सुरुवात करणं ही आमची जुनी खोड. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आला. तिकडं त्याचा अर्थ उद्यान, झाडाफुलांची जागा. आपल्याकडं आल्यावर त्याचं काय झालं पाहा. महसुलाच्या दप्तरात त्याचं ‘बागायत’ झालं, आणि बागायत म्हणजे ओलिताखालची जमीन. तिच्यात फूल असो वा नसो. चाळीस एकर ऊस असलेला माणूस बागायतदार म्हणवतो आणि त्याच्या दारात जास्वंदीची काडी नसते. उलट शिरूरच्या पूर्वेला एखादी बाई माळावरच्या घरापुढं दहा फुलझाडं जगवते, पण तिची जमीन जिरायत. शब्दानं आपल्या डोक्यात एक समीकरण घट्ट बसवलं: बाग म्हणजे पाणी. मग ‘कोरडवाहू बाग’ म्हणणं हा वदतोव्याघात झाला. आमच्या शास्त्रात, जी गोष्ट असूच शकत नाही तिचं ठरलेलं उदाहरण म्हणजे आकाशपुष्प, आकाशात उमललेलं फूल. संयोजकांच्या मते आपल्याकडचं फूल त्याच जातीचं.

आमचं म्हणणं असं की ही बाग होती, शेकडो वर्षं होती. फक्त तिला कुणी बाग म्हटलं नाही, म्हणून ती दप्तरात आली नाही. ती परड्यात होती, बांधावर होती, देवळाच्या मागं होती, ओढ्याच्या वाळूत होती, मसणवट्यात होती.

आधी हवापाण्याचं थोडं. पुणे जिल्हा मोठा विचित्र आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तेच ढग घाट ओलांडून, पुणं मागं टाकून आपल्याकडं येईस्तोवर रिकामे. शिरूर आणि दौंडची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बराचसा पाऊस सप्टेंबरात, परतीचा, म्हणजे येईल तेव्हा खरा. पण म्हणून हे वाळवंट नव्हे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण हल्ली वाळवंटी बागांची रंगीत पुस्तकं बघून लोक कॅक्टस आणतात आणि ऑगस्टमध्ये तो बुडापासून कुजला की नशिबाला बोल लावतात. आपलं संकट दुहेरी आहे. आठ महिने कोरडे, आणि मधले चार महिने कधी चिखल, कधी ऊन. नदीकाठच्या काळ्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्याच रानात पावसाळ्यात पाणी मुळाशी तुंबून राहतं. माळावरच्या मुरमात उलटं, पाणी थांबतच नाही. इथल्या झाडाला तहानही सोसावी लागते आणि मधूनच बुडणंही. यात तिसरं संकट मिळवा, ते चार पायांचं असतं. शेळी.

हे ज्ञान आम्हाला पुस्तकातून झालेलं नाही. निवृत्तीनंतर आम्ही शिरूर तालुक्यातल्या वडिलोपार्जित तुकड्यावर घर बांधलं, बोअर घेतली, आणि शहरात बत्तीस वर्षं भाड्याच्या घरात राहिलेल्या माणसानं जे करायचं तेच केलं. लॉन लावलं. लॉन, त्याच्या कडेनं गुलाब, कोपऱ्यात विदेशी निवडुंगांचा वाफा. पहिली तीन वर्षं पाहुणे फोटो काढायचे. मग २०१८ चा पावसाळा कोरडा गेला. ऑक्टोबरअखेर शासनानं दुष्काळी तालुक्यांची यादी जाहीर केली, तिच्यात शिरूरही होतं आणि दौंडही. आमची बोअर जानेवारीत गेली. लॉन आधी पिवळं, मग पांढरं, मग धूळ. शेजारच्या आजी रोज बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, ‘मास्तर, गवत वाळलं म्हणून काय तोंड पाडून बसलाय? बांधाला बघा की.’ बांधाला तरवड फुलला होता. पिवळाधमक. त्याला कुणी तांब्याभर पाणी कधी घातलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही या झाडांच्या मागं लागलो. आणि पहिल्यांदा आठवली ती आई.

१९७२ साली आम्ही पुण्याला शिकत होतो. आईनं परड्यात न्हाणीच्या पाण्यावर चार झाडं धरली होती: तुळस, तांबडी कण्हेर, गुलबास आणि मोगरा. मोगरा तिनं माहेराहून आणलेला. त्या वर्षी विहिरीला तळ दिसला. आई इतर बायांबरोबर खडी फोडायला जायची. आम्ही दिवाळीला घरी आलो तेव्हा मोगऱ्याच्या जागी काटक्या होत्या. आम्ही विचारलं, अंघोळीचं तरी पाणी घालायचं होतं. ती म्हणाली, अंघोळ कुठं होती? आणि मग जरा थांबून म्हणाली, लोक हंड्याला तरसतात आणि ही फुलाला पाणी घालते, असं कुणी बघितलं असतं तर? कण्हेर मात्र होती. पानं गळालेली, पण शेंड्याला दोन फुलं. ती दोन फुलं देवाला वाहून आई पुन्हा खडीवर गेली.

सांगायचा मुद्दा असा की कोरड्या मुलखातल्या बागेची यादी हौसेनं ठरत नाही. दर दहा-वीस वर्षांनी एक दुष्काळ येतो आणि यादी तपासतो. ज्यांना वाहून आणलेलं पाणी लागतं ती झाडं त्यात खोडली जातात, आणि ते पाणी वाहून कोण आणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जी उरतात ती पुढच्या पिढीला ‘आपली’ वाटतात.

या उरलेल्यांतला सगळ्यात जुना थर कुठं नोंदलाय? गंमत म्हणजे पूजेच्या पोथीत. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात, आणि दौंडहून भीमेपलीकडं गेलं की सिद्धटेक. आपण दोन अष्टविनायकांच्या सावलीत राहतो. गणपतीला एकवीस पत्री वाहतात. ती यादी एकदा भटजींच्या नव्हे, माळ्याच्या नजरेनं वाचा. रुई, धोतरा, कण्हेर, आघाडा, शमी, बोर, डोरली, माका, बेल. देवदार, केवडा असे काही लांबचे पाहुणे आहेत, जाईला थोडं पाणी लागतं, पण यादीचा मोठा भाग म्हणजे माळावरची, बांधावरची, ओढ्याकाठची झाडं आहेत. मारुतीला रुईची माळ, शंकराला धोतरा. आता यातली रुई, कण्हेर, धोतरा घ्या. तिन्ही विषारी. शेळी तोंड लावत नाही. म्हणून ती उन्हाळ्याच्या अखेरीसही गावात हिरवी उभी असतात, आणि देवाला रोज काहीतरी ताजं हवंच असतं. इथं श्रद्धेचा अनादर करायचा नाही. पण ज्यांनी ही पत्री ठरवली त्यांना कोरडा उन्हाळा आणि शेळी, दोन्ही माहीत होती, असं आम्हाला वाटतं.

कण्हेरीचं संस्कृत नाव करवीर, कोल्हापूरचंही तेच जुनं नाव. भूमध्य समुद्रापासून आपल्यापर्यंत कोरड्या नदीपात्रांत हे झाड रानोमाळ आढळतं. वर वाळू तापलेली आणि खाली कुठंतरी ओल, ही त्याची आवडती जागा. त्यामुळं पावसाळ्यात पाय बुडाले तरी ते कुरकुरत नाही. वाळवंटी कॅक्टसला जे जमत नाही ते हिला जमतं.

आता दुसरा थर, आणि इथं आमचा स्वतःचाच एक भ्रम फुटला. आपल्या दसऱ्याचं फूल कोणतं? झेंडू. समाधीवर, देवळामागं, पिराच्या दर्ग्यात कोणतं झाड? पांढरा चाफा, ज्याला आपण देवचाफा म्हणतो. लग्नाच्या हारात काय? गुलछडी, म्हणजे निशिगंध. संध्याकाळी परड्यात काय उमलतं? गुलबास. ही चारही झाडं अमेरिकेतली आहेत. झेंडू, निशिगंध आणि चाफा मेक्सिकोच्या बाजूचे, गुलबास दक्षिण अमेरिकेकडचा. कोलंबस १४९२ ला तिकडं पोचण्याआधी यातलं एकही आपल्या देवानं पाहिलेलं नव्हतं. पोर्तुगीजांच्या काळात, समुद्रमार्गे, ही इकडं आली. देवपूजेत इतकी मुरली की आज झेंडूशिवाय दसरा म्हटलं तर बाजारात दंगा होईल.

नावांची गंमत पाहा. चंपक म्हणजे मूळचा सोनचाफा, त्याला पाणी आणि सावली लागते, आपल्या माळावर तो टिकत नाही. पण त्याचं नाव मोकळं होतं, ते मेक्सिकोहून आलेल्या एका चिकाच्या झाडाला देऊन टाकलं. आणि गुलबास हे फारसीतलं गुल-ए-अब्बास. म्हणजे झाड अमेरिकेचं, नाव इराणचं, परडं आमच्या आईचं.

ही झाडं इथं का टिकली याचं उत्तर त्यांच्या मुळांत आणि खोडांत आहे. गुलबासाला जमिनीखाली रताळ्यासारखा जाड कंद असतो. वरचं सगळं वाळून गेलं तरी पहिल्या वळवाला तो पुन्हा फुटतो. निशिगंधाचंही कंदावरच चालतं. चाफा पाणी खोडात साठवतो, उन्हाळ्यात पानं टाकून नुसती बोटं वर करून उभा राहतो, आणि त्याही अवस्थेत फुलतो. त्याची फांदी तोडून लगेच लावू नये. आठ-दहा दिवस सावलीत पडू द्यावी, चीक वाळला की मग मुरमात खोचावी. कोरडी पडून राहिल्यानंच जी रुजते अशी काडी दुष्काळी गावाला मिळाली, तर ते गाव तिला देवचाफा म्हणणारच.

आता तत्त्वज्ञानाचा मास्तर बोलावलाय तर एवढं सहन करा. ‘देशी फूल’ याचं लक्षण काय करायचं? अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून आम्ही मुलांना शिकवत आलो की लक्षणात अव्याप्ती नको आणि अतिव्याप्तीही नको. ‘जे मूळचं इथलं ते देशी’ असं म्हणा. झेंडू बाहेर, चाफा बाहेर, गुलबास बाहेर, दसरा ओसाड. अव्याप्ती. बरं, ‘जे इथं रुजलं, पसरलं, आपोआप वाढतं ते देशी’ असं म्हणा. मग घाणेरी आत आली, वेडी बाभूळ आत आली, आणि गाजरगवतसुद्धा आत आलं, जे १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि आज आपल्या प्रत्येक पडीक रानात आहे. अतिव्याप्ती. हे दोन्ही दोष टाळणारं लक्षण आम्हाला अजून सापडलेलं नाही. पण या दोन टोकांमध्ये एक झाड उभं आहे, त्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. फड्या निवडुंग.

फड्याही अमेरिकेचाच. पिवळं, रेशमी पाकळ्यांचं देखणं फूल, मग तांबडं बोंड. एके काळी दख्खनच्या बहुतेक गावांना त्याचं कुंपण होतं. चोर येत नाहीत, जनावर येत नाही, पाणी लागत नाही. वाळवंटी बागेच्या पुस्तकात शोभेल असं आदर्श झाड. ते इतकं माजलं की वाटा बंद झाल्या, साप-विंचवांना घर झालं, इंग्रज अधिकारी त्याच्या नावानं बोटं मोडू लागले. दुष्काळात त्याचे काटे जाळून गुरांना चारायचे प्रयोग झाले. त्याचा शेवट माणसानं नाही केला, एका किड्यानं केला. १७९५ मध्ये किरमिजी रंग देणारा किडा समजून ब्राझीलहून भलताच किडा हिंदुस्थानात आणला गेला होता. रंग काही मिळाला नाही, निवडुंगाची एक जात मात्र खलास झाली. हा धडा लक्षात ठेवून १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून त्याची भावकीतली दुसरी जात दक्षिण हिंदुस्थानात आणली, आणि तिनं फड्याचा फडशा पाडला. आमचे आजोबा सांगायचे, कुंपणावर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसू लागलं, बोटानं चिरडलं की रक्तासारखं लाल, आणि बघता बघता गावकूस उघडं पडलं. बोंडं खाणारी पोरं तेवढी हळहळली.

आता साहेबाच्या बागेकडं येऊ. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही इंग्रजांची जुनी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढाई झाली. पूना हॉर्स हे घोडदळही इथं बरीच वर्षं होतं. छावणी आली की बंगले आले, बंगले आले की फुलांचे वाफे आले. साहेबाचं बागेचं पंचांग आपल्या उलटं. ऑक्टोबरात विलायती बी पेरायचं, थंडीत फुलं बघायची, मार्च उजाडला की सगळं उपटून टाकायचं. मधल्या काळात भिस्त्याची पखाल आणि विहिरीवरची मोट. गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं. अशी पुस्तकं वाचताना एक गोष्ट जाणवते: पाणी कोण आणणार हा प्रश्न त्यात नसतो. आणणारा नोकर गृहीत धरलेला असतो.

त्याआधी, १८२८ मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या काळात दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान निघालं. १८३८ पासून तिथं डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन होते. त्यांनी एका गोव्याकडच्या पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून १८४७ ते १८५० या काळात झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. या गिब्सनसाहेबांनी औषधासाठी सोनामुखी लावली होती. सोनामुखी म्हणजे कोरड्या मुलखातलं, पिवळ्या फुलांचं झुडूप, आपल्या तरवडाची चुलत बहीण. तिला सरकारी वाफा मिळाला. तरवड मात्र बांधावरच राहिला.

शिरूरच्या छावणीतल्या वाफ्यांचं आज काही उरलेलं नाही. उरली आहे एक समाधी. कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ मध्ये इथं वारला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की लोक त्याला सत्पुरुष म्हणत आणि नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या समाधीला नेत. परक्या झाडाचा देवचाफा झाला, परक्या माणसाचा सत्पुरुष झाला. दोन्हींत आम्हाला एकच सवय दिसते. आपले लोक उगम विचारत बसत नाहीत, दारात किती वर्षं उभा आहे ते बघतात.

दौंडची कहाणी निराळी, ती रेल्वेची आणि कालव्याची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेच्या वसाहतीबरोबर बोगनवेल आली. ही वेल ब्राझीलची. १७६७ मध्ये बोगनविल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या सफरीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं रिओजवळ ती पाहिली आणि कप्तानाचं नाव दिलं. हिंदुस्थानात ती १८६० च्या सुमारास कोलकात्याला आली असं मानतात. आपण ज्याला फूल म्हणतो ती तिची रंगीत पानं. खरं फूल मधलं, पांढरं, नळीएवढं. आणि तिचा स्वभाव असा की पाणी भरपूर दिलं तर नुसता पाला करते, तहान लागली की रंगानं पेटते. लहानपणी दौंडच्या फलाटावर वाफेच्या इंजिनात पाणी भरताना आम्ही तासन्‌तास बघायचो. सोंडेतून सांडलेल्या पाण्यावर खाली कर्दळ माजलेली असायची, आणि ते पाणी जिथं पोचत नाही त्या कुंपणावर बोगनवेल. दोन झाडांमध्ये वीस पावलांचं अंतर होतं.

कालवा म्हणजे मुठेचा उजवा कालवा, खडकवासल्याहून निघालेला. त्याच्याच शेवटी पाटसजवळचा मातोबा तलाव, १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायला खोदायला घेतलेला. म्हणजे दौंडची आजची हिरवाई उपाशी माणसांच्या टोपल्यांनी सुरू झाली. त्याच तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी माळरान घेतलं, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत होरपळलेल्या मुलीबाळींना तिथं आसरा दिला. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडं शंभर वर्षं वाद चालला. त्यांच्या विहिरींवर कुणी एक लेख लिहिल्याचं आमच्या वाचनात नाही.

कालव्याचं पाणी आलं तिथं ऊस आला, आणि ऊस आला तिथं बांध गेला. हे आम्ही तक्रारीच्या सुरात सांगत नाही, उसानं घरं उभी केली, मुलं शिकवली. पण बांध वावभर रुंद होता तेव्हा त्यावर तरवड, रुई, कोरांटी, हिवर यांना जागा होती. तो वीतभर झाला. मग तणनाशक आलं. दौंडच्या पाटाखालच्या भागात आज तरवड शोधायचा तर रेल्वेच्या रुळांकडेला जावं लागतं. शिरूरच्या कोरड्या पूर्व भागात तो अजून आहे. गरिबीनं राखलाय म्हणा.

तरवडाबद्दल शेवटचं बोलू, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर झालाय. कमरेएवढं, कधी छातीएवढं झुडूप. मुरूम, खडक, चुनखडी, काही चालतं. पावसाळ्यानंतर जे पिवळं होतं ते थंडी सरेपर्यंत. शेळी त्याच्या नादाला फारशी लागत नाही. घटस्थापनेला आपल्याकडं घटावर माळ चढते ती कारळ्याच्या नाहीतर तरवडाच्या फुलांची, झेंडू हा तिथं नंतर आलेला. म्हणजे नऊ दिवस तरवड देवीच्या गळ्यात. मग उरलेलं वर्षभर तो दारात का नाही? आमच्या मनात एक उत्तर आहे, ते काहींना आवडणार नाही. तरवडाची साल कातडी कमावायला वापरत. इंग्रजीतही त्याचं नाव कातडी कमावणाऱ्यांच्या नावावरूनच आहे. ढोर समाजाच्या कारागिरांचं पोट या सालीवर होतं. मोटेची सोंड, भिस्त्याची पखाल, पायातली वहाण, सगळं कमावलेलं कातडं. ज्या कातड्यातून बागेला पाणी गेलं ते कमावणारं झाडच बागेच्या बाहेर राहिलं, आणि ते कमावणारी माणसं गावाच्या बाहेर. हा पुरावा नाही, हे आमचं अनुमान आहे. पण अनुमानाला हेतू लागतो, आणि तो इथं पुरेसा दिसतो.

पलीकडं तेलंगणात बघा. हाच तरवड तिकडं तंगेडू. बतुकम्मा सणाला बाया त्याच्या फुलांचे मनोरे रचतात, आणि २०१४ मध्ये राज्य झाल्यावर त्यांनी तेच आपलं राज्यपुष्प केलं. आपलं राज्यपुष्प ताम्हण. ताम्हण सुंदरच आहे, वादच नाही, पण ते ओढ्याकाठचं, कोकणातल्या पावसाचं झाड. राज्याचं फूल निवडताना घाटाच्या या बाजूला कुणी फिरकलेलं दिसत नाही. (टाळ्या नकोत, हा प्रांतवाद नाही, पर्जन्यमान आहे.)

आमच्या लॉनचं काय झालं, असं मघाशी कुणीतरी खुणेनं विचारलं. ते पुन्हा लावलं नाही. धुळीच्या त्या चौकोनात मुरूम पसरला, उताराला आडवे दगड लावले म्हणजे पावसाचं पाणी जरा थबकतं. कण्हेर कडेनं, तांबडी आणि पांढरी. चाफ्याच्या तीन फांद्या. दगडांच्या सांदीत सदाफुली, ही मादागास्करची, हिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं निघतात, आणि आमच्याकडं ती सिमेंटच्या भेगेतूनही निघते. कोरांटी, अबोलीला थोडी सावली. न्हाणीचं पाणी गुलबासाला. मोगरा एकच आहे, कुंडीत. त्याला स्वयंपाकघरातलं डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी घालतो, हातानं. पहिल्या वर्षी सगळ्यांना आठवड्याला पाणी लागतं, हे कबूल करायला हवं. कोरडवाहू झाडालाही मुळं खाली जाईपर्यंत सांभाळावं लागतं, आणि लावणी जूनमध्येच करावी, फेब्रुवारीत रोप स्वस्त मिळालं म्हणून लावू नये. दुसऱ्या वर्षी आम्ही पाणी निम्म्यावर आणलं. तिसऱ्या वर्षी कण्हेर, चाफा आणि तरवड यांचं बंद केलं. शेजारच्या आजी आता फुलं न्यायला येतात, आणि न विचारता नेतात.

प्रश्नांना वेळ ठेवायला सांगितलंय, तेव्हा थांबतो. बाहेर टेबलावर कागदी पुड्या ठेवल्या आहेत, त्यात तरवडाचं बी आहे, आजींनी स्वतः शेंगा फोडून दिलंय. त्याचं कवच टणक असतं. उकळून उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं, जे फुगून तळाशी बसेल ते घ्यायचं, आणि मृगाचा एखादा चांगला पाऊस झाल्यावर जागेवरच टोकायचं. पिशवीत रोप करत बसू नका, त्याचं मूळ सरळ खोल जातं, हलवलेलं त्याला मानवत नाही. एका घराला एक पुडी. शिरूरच्या मंडळींनी घेऊ नये, त्यांच्याकडं बांध आहेत.